रिकामा आहे असं सांगितलेला कॅमेरा

रिकामा कॅमेरा चालवताना तोंड गंभीर ठेवावं लागतं. एक डोळा मिटायचा, दुसरा भोकाला लावायचा, चावी भरायची, बटण दाबायचं, आणि समोरचे सभापती तिसऱ्यांदा तीच फीत कापत असताना आत फिल्म नावाची वस्तूच नाही हे स्वतःलाही कळू द्यायचं नाही. हसू आलं की संपलं. मी हे काम दहा-बारा वर्षं केलं आणि एकदाही हसलो नाही, याचा मला थोडासा अभिमान आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'टीव्हीच्या झगमगत्या दुनियेतले अनुभव' लिहायला सांगितलं आहे. झगमग कसली आली! सोलापुरात नवी पेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो, कधी मयताचेसुद्धा. आम्ही मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक पूर्व भागातल्या विणकरांपैकी असलं तर चार शब्द तेलुगू. सत्तरच्या दशकात मुंबईला टीव्ही सुरू झाला आणि त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत फिल्म काढून पाठवणारी माणसं हवी होती. एका हौशी व्यापाऱ्याकडून घेतलेला चावीचा सोळा एमएमचा कॅमेरा माझ्याकडे पडून होता, तेवढ्यावर मी लागलो. पुढे 'समक्ष' नावाच्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी मी कायमचा झालो. माणसाला समोर बसवायचं, सरळ प्रश्न विचारायचे आणि त्याचं उत्तर मध्येच न कापता दाखवायचं, एवढंच त्या कार्यक्रमाचं सूत्र. सरकारी पडद्यावर असं काही चालायचं हे आजच्या मुलांना पटत नाही. आणीबाणीत मात्र आम्ही गुलाबाची कलमं आणि मधमाशीपालन दाखवलं, तेही सांगून टाकतो.

गंमत म्हणजे त्या काळी सोलापुरात टीव्ही दिसतच नव्हता. मुंबईत दिसायचा, पुण्यात दिसायचा, आमच्याकडे नाही. म्हणजे मी ज्यांची फिल्म काढायचो त्यांनी ती कधी पाहिली नाही, आणि मीही नाही. लोक विचारायचे, कोणत्या टॉकीजला लागणार? मी सांगायचो, मुंबईला घराघरात दिसतं. ते मान हलवायचे, पण त्यांच्या डोळ्यांत मी थापाड्या ठरलेला असायचो.

आता कामाचं थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शंभर फुटांचं एक रीळ यायचं मुंबईहून, तेही मोजून. ते चालायचं जेमतेम पावणेतीन मिनिटं. चावी एकदा भरली की कॅमेरा अर्धा मिनिट फिरायचा, मग परत चावी. आवाज त्यात येत नसे. तो वेगळ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचा, आणि मुंबईत बसलेला माणूस ओठ बघून आवाज आणि चित्र जुळवायचा. रिळाबरोबर एक कागद जायचा, त्याला आम्ही डोप शीट म्हणायचो. कोणत्या फुटांवर काय आहे, कोण आहे, काय वापरायचं, काय नाही, ते त्यात लिहायचं. तो कागद म्हणजे माझी जीभ. तिकडे माझं तोंड कुणी बघत नव्हतं.

फिल्म अशी मोजकी, आणि पुढाऱ्यांना तर कोनशिलेपासून पान खाईपर्यंत सगळं हवं असायचं. त्यांच्यासाठी रिकामा कॅमेरा. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच होता. साधी माणसं कॅमेऱ्यापुढे बसली की पोलीस ठाण्यात बसल्यासारखी व्हायची. पूर्व भागातली एक विडी वळणारी आजी तर स्वतःचं नाव विसरली. अशा वेळी मी सांगायचो, 'आज्जी, आत फिल्म नाही, नुसती तालीम आहे.' आणि खरोखर नसायची. दोनदा चावी संपेपर्यंत रिकामा कॅमेरा फिरवायचा. मग माणूस सैल व्हायचं. ती आजी तिसऱ्या चावीला अशी सुटली, की ठेकेदारापासून माझ्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. तेव्हा मी 'थांबा, नाक पुसून घ्या' म्हणून पाठ वळवली, रीळ भरलं, आणि मग खरं काम. या पद्धतीवर मी खूश होतो. कुणाला फसवत नव्हतो, उलट दिलेल्या शब्दाला जागत होतो, असं मला वाटायचं.

स्वभावाने मी घाबरट आहे, हेही इथेच सांगतो. रीळ गाडीत चढवल्यापासून मुंबईहून 'मिळालं' असा निरोप येईपर्यंत मी पोस्टात चकरा मारायचो. बायको म्हणायची, एवढी काळजी पोटच्या पोरांची केली असतीत तर बरं झालं असतं. तरी ज्या प्रसंगाविषयी लिहायचं आहे त्या आठ दिवसांत जी भीती मी खाल्ली तशी पुन्हा कधी नाही. त्यातली दोन्ही माणसं आता हयात नाहीत, मूलबाळ मागे नाही. तरी नावं बदलली आहेत. साखर कारखान्याचं नाव आणि गाव लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात कारखाने काही कमी नाहीत.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. 'समक्ष'च्या निर्मात्या टिपणीसबाई पुन्हा जोमाने कामाला लागल्या होत्या. बाई हाडाच्या खऱ्या, बोलणं तोडून. त्यांच्याकडे एका बाईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. तिचा नवरा मारुती कारखान्यात कामाला होता. उसाच्या मोळ्या ज्या सरकत्या पट्ट्यावरून मिलकडे, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्राकडे, जातात त्याला कारखान्यात गव्हाण म्हणतात. गव्हाणीत ऊस अडकला म्हणून मारुती आत उतरला, आणि तो आत असतानाच पट्टा सुरू झाला. तो गेला. कारखान्याने लिहून ठेवलं, की तो दारू प्यायलेला होता, न सांगता उतरला. म्हणजे भरपाई नाही, वर बदनामी. पत्रात शेवटी लिहिलं होतं, की मिलवरच्या नागनाथांनी सगळं डोळ्यांनी बघितलं आहे, त्यांना विचारा.

नागनाथ मिल हाऊसमध्ये यंत्रांना तेल घालणारा, त्याला ऑइलमन म्हणतात. मी एसटीने तीन तास जाऊन त्याला भेटलो. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. कारखान्याच्या चाळीत एक खोली, बाहेर तुळस, आत बायको हौसाबाई. पहिल्या भेटीला मी कधी फिल्म नेत नसे. बोलायला तयार आहे की नाही तेवढंच बघायचं. तो तयार होता. पट्टा सुरू करण्याआधी घंटा वाजवायची असते, ती घंटा पंधरा दिवस बंद होती, आणि त्याने स्वतः दोनदा पाळीच्या साहेबाला सांगितलं होतं. त्या दिवशी मिल थांबली म्हणून साहेब ओरडला, कुणी आत आहे का न बघता पट्टा सोडला. मारुती दारूला शिवत नव्हता.

तयार नव्हती ती हौसाबाई. खोली कारखान्याची, पगार कारखान्याचा, आणि बोलल्यावर त्याच दिवशी दोन्ही जाणार हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिचा भाऊ आणि दीर त्याच कारखान्यावर होते, तेही तोंड फिरवतील असं ती म्हणाली. दोन तास ती उंबऱ्यात बसून होती. शेवटी ठरलं ते असं: आवाज घ्यायचा, पण तोंड दाखवायचं नाही आणि नाव यायचं नाही. पाठमोरा बसवून फिल्म काढायची. मी तिच्या देव्हाऱ्याकडे बघून कबूल केलं. मग माझ्या सवयीप्रमाणे कॅमेरा काढला आणि भीती मोडावी म्हणून रिकामाच फिरवून दाखवला. नागनाथने कान जवळ आणला आणि परत एकदा फिरवायला सांगितलं. यंत्रातला माणूस, त्याला कौतुक असणार असं मी समजलो.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी दोन रिळं घेऊन गेलो. पहिल्यात बाहेरून कारखाना, चिमणी, उसाच्या गाड्यांची रांग असं काढलं. रीळ संपत आलं तेवढ्यात गेटवरचा रखवालदार माझ्या दिशेने निघाला. मी घाबरून चालायला लागलो, कालव्याकडेच्या चिंचेखाली बसलो, शर्टाच्या सावलीत रीळ काढलं आणि डब्यात घातलं. माझा नियम असा, की माणसाशी बोलायला जाताना कॅमेरा रिकामा ठेवायचा. पण हाताची एक वेगळी सवय असते. एक रीळ काढलं की दुसरं घालायचं. डोळे रखवालदारावर आणि हात आपलं काम करून मोकळे. मला आजही ते रीळ भरल्याचं आठवत नाही.

खोलीत गेलो. टेप चालू केली, ती चालू आहे हे सांगितलं. कॅमेरा हातात घेतला आणि हौसाबाईंना ऐकू जाईल असं म्हणालो, की हा रिकामा आहे, आधी जरा तालीम करू, मग नागनाथराव पाठ करून बसतील. मी चावी भरून बटण दाबलं. आवाज सुरू झाला तसं नागनाथने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो माझ्याकडे तोंड करून, ताठ बसून बोलायला लागला. आधी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, काम, पाळी. मग घंटा, साहेब, मारुती, एकेक करून, ओळीने. चावी संपली तसा थांबला, मी परत भरल्यावर तिथूनच पुढे सुरू झाला. तालमीत नाव कशाला सांगतोय असं माझ्या मनात आलं होतं. खेड्यातला सरळ माणूस, कोर्टात सांगतात तसं सांगतोय, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मग रीळ भरायला पाठ वळवून झाकण उघडलं, आणि आत फिल्म.

झाकण तसंच दाबून बंद केलं. बाजूचा फुटांचा काटा बघितला, तर चाळीस फुटांच्या पुढे. नियमाने पाहिला असता तर आधीच कळलं असतं. पिशवीत दुसरं रीळ नव्हतं. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं, की राव, माझी चूक झाली, हे रीळ मी तुमच्यासमोर उन्हात धरून वाया घालवतो, पुढच्या आठवड्यात परत येतो. दोन वाक्यं. पण मागे हौसाबाई उभी होती, आणि तिने एवढ्या मुश्किलीने 'व्हय' म्हटलं होतं. सांगितलं तर ती दार लावून घेईल, पुन्हा काही उघडणार नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. मी गप्प बसलो. नागनाथला पाठमोरा बसवलं आणि उरलेल्या फिल्मवर त्याची पाठ काढली. तो तेच सगळं परत बोलला, नाव सोडून. जाताना हौसाबाईंनी मला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली.

सोलापूरला आल्यावर संध्याकाळच्या मेलने डबा, सोबत टेप, मुंबईला पाठवला. न पाठवून चाललं नसतं, पाठ त्याच रिळावर होती. डोप शीटवर लाल पेन्सिलीने लिहिलं, की पहिला तुकडा वापरू नये, चेहरा दाखवणार नाही असा शब्द दिला आहे. खाली दोन रेघा मारल्या. गाडी सुटली आणि मला दिसायला लागलं, की तो कागद डब्यापासून सुटला आहे, की तो वाचणारा माणूस रजेवर आहे, की घाईत कुणीतरी नुसती फिल्म लावली आहे. झाकण उघडलं तेव्हा उजेड शिरून सगळंच पांढरं झालं असेल, अशीही आशा करत होतो. आपलंच काम वाया जावं म्हणून देवाला हात जोडणारा मी पहिलाच असेन. ग्रामदैवताला जाऊन आलो. दोन दिवस दुकानात माझ्या हातून एकाही फोटोची फ्रेम सरळ लागली नाही. बायको म्हणाली, 'अय्यो, एवढं काय झालंय?' तिलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या कापड दुकानात माझ्या नावाने मुंबईचा ट्रंककॉल आला. टिपणीसबाई होत्या. त्या म्हणाल्या, की चेहरा सुरेख आला आहे, शेवटी झाकण उघडलं तिथली दोन हात फिल्म गेली, बाकी लख्ख. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मठपती, तुमचा कागद मी वाचलाय. पण पाठीला काही अर्थ नाही. कारखाना म्हणेल, कुणालाही बसवलं आणि बोलवून घेतलं. चेहरा आणि नाव असेल तर कुणाला नाकारता येणार नाही." मी शब्द दिल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, की शब्द तुम्ही दिलाय, तर विचारायलाही तुम्हीच जा. कार्यक्रम गुरुवारी आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याचा होकार आला तर चेहरा दाखवू. नाही आला तर चेहरा नाही, पण मग पाठही नाही, तो भागच काढून टाकू, कारण अर्धवट दाखवून त्या बाईची केस आणखी बिघडेल. बाईंचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

बुधवारी पहाटेच्या एसटीने निघालो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. एका बाजूला मारुतीची बायको, जिला मी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या बाजूला नागनाथची नोकरी, खोली आणि उंबऱ्यात बसलेली हौसाबाई. आणि मध्ये मी, जो फसवून काढलेल्या फिल्मसाठी परवानगी मागायला चाललो होतो. खोलीवर जायची माझी छाती नव्हती. पाळी सुटल्यावर तो कालव्यावर अंघोळीला येतो हे मला माहीत होतं, तिथे जाऊन बसलो.

तो आला, कपडे दगडावर ठेवले, पाण्यात उतरला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. रीळ, झाकण, गप्प बसणं, बाईंचा फोन, सगळं. तो अंगाला साबण लावत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मला ठावं हाय की."

काय ठावं आहे, मी विचारलं.

"भरलेला हुता त्ये. पयल्या दिशी तुमी फिरवून दावला तवा आवाज पोकळ हुता. त्या दिशी पोटात कायतरी सरकत हुतं. बावीस सालं मिलजवळ काढली मी, सायेब. रिकामी मिल आन उसावरची मिल झोपंत बी वळखतो."

मी त्याला विचारलं, की कळलं होतं तर थांबवलं का नाहीस, उलट नाव का सांगितलंस. घाईत मी त्याला एकेरीत बोललो, तेही मला नंतर लक्षात आलं. तो म्हणाला, "तुमी रिकामा म्हणालात. मला वाटलं, हिच्याम्होरं तसं म्हणावं लागत आसंल. मानूस शाणा हाय, आपली सोय करतोय."

म्हणजे त्याने मला लबाड समजून साथ दिली होती! मी शपथा घेतल्या, की ती लबाडी नव्हती, खरोखर चूक होती. जितक्या शपथा घेतल्या तितकी मान त्याने जास्त समजूतदारपणे हलवली. शेवटी 'बरं, चूक तर चूक' म्हणून त्याने डोक्यावर तांब्या ओतला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "मारुतीनं मला नावानं हाक मारली हुती, आतनं. ती मी एकलोच ऐकली. आता त्येच्यासाठी बोलायचं आन आपलं तोंड झाकायचं, ह्ये मला जमंना."

होकार मिळाला होता. मी उठलो, तसं त्याने मला थांबवलं. तो म्हणाला, की एकच करा, हौसाला आधी काही सांगू नका, ती माझं तोंड पडद्यावर येऊ द्यायची नाही. मागाहून सांगा, आणि चूक तुमची म्हणूनच सांगा. "मला ठावं हुतं ह्ये तिला कदी कळू नये. तिच्या शब्दाभाईर मी कवा गेलो न्हाय." मी खरोखर चुकलो होतो, आणि हा माणूस मला चुकल्याचं सोंग करायला सांगत होता. मी हो म्हणालो.

स्टँडजवळच्या पोस्टातून ट्रंककॉल लावला. दीड तास लागला लाइन मिळायला. बाईंना म्हणालो, दाखवा. त्यांनी विचारलं, नीट समजावून सांगितलंत ना त्यांना? मी म्हणालो, त्यांनीच मला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रमाच्या वेळी मी स्टुडिओतल्या खुर्चीवर, गिऱ्हाइकाला फोटोसाठी बसवतो त्या खुर्चीवर, बसून होतो. समोर भिंतीवर घड्याळ. इथून दीडशे कोसांवर लोक नागनाथकडे बघत होते, आणि सोलापुरात मला काहीही दिसत नव्हतं. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. त्यांच्या वाड्यात एका घरी टीव्ही होता, तिथे तीस माणसं बसून बघत होती. तो म्हणाला, की त्या माणसाने नाव सांगितलं तेव्हा कुणीतरी उठत होतं ते परत खाली बसलं.

पुण्यात कारखान्याच्या लोकांचे नातेवाईकही होते. तिसऱ्या दिवशी नागनाथला कामावरून कमी केल्याचा कागद मिळाला, आणि खोली आठ दिवसांत सोडा म्हणून दुसरा. मी गेलो तेव्हा हौसाबाई भांडी पोत्यात भरत होती. नागनाथ बाहेर खाट उसवत बसला होता. मी तिला सांगितलं, की आत फिल्म होती, मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर मी बोललो नाही, माझी चूक झाली. यातला शब्दही खोटा नव्हता. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "भाऊ, देवाम्होरं सांगितलं हुतं तुमी." आणि परत भांडी भरायला लागली. नागनाथने वर मान करून बघितलंसुद्धा नाही. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. दोन शब्द बोलून मला त्या उंबऱ्यातून सोडवणं त्याच्या हातात होतं.

पुढे सरकारी चौकशी लागली. चौकशीत नागनाथने तेच सगळं पुन्हा सांगितलं. मारुतीवरचा दारूचा डाग पुसला गेला आणि त्याच्या बायकोला भरपाई मिळाली. टिपणीसबाईंनी मला अभिनंदनाचं पत्र पाठवलं, ते मी फाइलला लावलं आणि पुन्हा काढलं नाही. नागनाथला आमच्या जिल्ह्यात कुणी काम दिलं नाही. तो सीमेपलीकडे कर्नाटकात एका गुऱ्हाळावर लागला, मग तिथल्याच कारखान्यात तात्पुरता. हौसाबाईला कानडी येत नव्हतं. भाऊ आणि दीर यांच्याशी तिचं बोलणं कायमचं तुटलं. मी काम चालू ठेवलं, पण त्यानंतर रिकाम्या कॅमेऱ्याने तालीम घेणं बंद केलं. माणसं घाबरली तर घाबरू दिली. पुढाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत रिकामाच फिरला.

पुष्कळ वर्षांनी नागनाथ गेल्याचं कळलं. सोलापुरात तोवर टीव्ही घराघरात आला होता. मी सीमेपलीकडे, तो राहत होता त्या गावी गेलो. हौसाबाई एकटीच होती, कानडी आता फाडफाड बोलत होती. तिने मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली. मनाशी ठरवूनच गेलो होतो, की आता तो नाही, आता खरं सांगून टाकायचं. इतकी वर्षं तिच्या लेखी मी जो होतो तो नव्हतो, एवढं तरी तिला कळावं. जिभेच्या टोकावर आलंही होतं.

तेवढ्यात तीच म्हणाली, "लई वर्सं राग धरला भाऊ मी तुमच्यावर. आता न्हाय." चुलीतलं लाकूड आत सरकवत ती पुढे बोलली, "घर गेलं, मानसं तुटली, समदं झालं. पर यका गोष्टीचा आधार वाटतो मला. ते समदं तुमच्या हातनं झालं. त्येंनी मला इचारल्याबिगर जन्मात काय केलं न्हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. उत्तराची वाट बघत होती.

"खरं आहे, हौसाबाई," मी म्हणालो. "चूक माझीच होती."